आई, तू एवढी लांब का गेलीस?

भाच्याचा ताप उतरून दहाएक दिवस झाले होते. साधासुधा ताप नव्हता तो. घसा धरलेला, गिळताना डोळ्यांत पाणी, मानेला दोन्ही बाजूंनी बोरांएवढ्या गाठी. शाळा आठवडाभर बुडाली. मग हळूहळू वरणभात जायला लागला, आवाज परत आला, आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

त्या रात्री बहीण त्याच्या पलंगाच्या कडेला बसून त्याचे पाय चेपत होती. दिवा चालू होता, मुलगा टक्क जागा होता. तो म्हणाला, "आई, तू एवढी लांब का गेलीस?" तिला वाटलं चेष्टा करतोय. "अगं, तुझा हात तर माझ्या पायावर आहे. मग तू तिकडे कशी?" मग त्याने दाराकडे पाहिलं. दार म्हणे काडेपेटीएवढं झालं होतं. स्वतःचे हात डोळ्यांसमोर धरून तो म्हणाला, बोटं लोडासारखी जाड वाटताहेत. दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी आलं. त्याने पाणी मागितलं आणि कूस बदलून झोपला. बहिणीच्या डोळ्याला मात्र डोळा लागला नाही.

सकाळपर्यंत घरात तीन निदानं तयार होती. आजीच्या मते दृष्ट लागली होती आणि मीठ-मोहरी उतरवून झाली होती. शेजारच्या काकूंनी मोबाइलला दोषी ठरवलं. मेव्हण्यांनी रात्री तीन वाजता इंटरनेटवर शोधून मेंदूत गाठ असल्याचं मनाशी पक्कं केलं होतं. तिघांनीही मुलाला काही विचारलं नव्हतं.

विचारलं ते बालरोगतज्ज्ञांनी. "आई खरंच लांब गेली होती, की तशी दिसत होती?" भाचा जरा वैतागूनच म्हणाला, "दिसत होती. ती तर तिथेच होती ना!" डॉक्टरांच्या कपाळावरची आठी तिथेच निम्मी उतरली. जे दिसतंय ते तसं नाही, हे मुलाला त्या क्षणीही कळत होतं. तापाच्या भरात बरळणं, ज्याला जुनी माणसं 'वात झाला' म्हणायची, त्यात ही समज हरवलेली असते. इथे ती शाबूत होती.

या प्रकाराला 'ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम' असं एखाद्या खेळण्याच्या दुकानाला शोभेल असं नाव आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन टॉड यांनी 1955 साली कॅनडातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात या नावाने लेख लिहिला आणि नाव चिकटलं. त्याच्या तीन वर्षं आधी, 1952 मध्ये, अमेरिकेतल्या कॅरो लिपमन या डॉक्टरांनी मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्या, रुग्णांच्या अशाच हकिकती गोळा केल्या होत्या, आणि त्यांनाही इंग्रज लेखक लुई कॅरलच्या 'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकातली ॲलिसच आठवली होती. बाटलीतलं पिऊन ती चिमुकली होते, केक खाऊन छताला टेकते. स्वतः कॅरललाही मायग्रेन होता, म्हणून त्याने हे अनुभवावरून लिहिलं, असं छातीठोक सांगणारे लेख पुष्कळ सापडतात. मला ते जरा घाईचं वाटतं. पुस्तक आलं 1865 मध्ये, आणि डोळ्यांपुढे तटबंदीसारख्या हलत्या रेघा दिसल्याची त्याच्या दैनंदिनीतली स्पष्ट नोंद आहे 1885 ची. शिवाय लहानमोठं होण्याची कल्पना सुचायला डोकं दुखावं लागतं असं थोडंच आहे? आपला मारुती सुरसेच्या तोंडात शिरताना अंगठ्याएवढा होतोच की.

गोष्ट बाजूला ठेवू. खरा प्रश्न हा की दार काडेपेटीएवढं दिसतं म्हणजे मेंदूत नेमकं काय बिघडतं? मला वाटतं, हा प्रश्न उलटा विचारायला हवा. एरवी दार दाराएवढं दिसतं, ते कसं काय?

एक हात पूर्ण लांब करा. दुसरा त्याच्या निम्म्या अंतरावर धरा. दोन्ही तळवे साधारण सारखेच वाटतात. आता एक डोळा मिटा आणि जवळचा हात सरकवत लांबच्या हातासमोर आणा. जवळचा तळवा लांबच्याला पूर्ण झाकून वर उरतो. डोळ्याच्या पडद्यावर त्याची प्रतिमा दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद होती, आधीपासूनच होती. तुम्हाला ते जाणवलं नाही, कारण मेंदूने अंतराचा हिशेब मांडून ते दुरुस्त करून टाकलं होतं. समोरचा माणूस दोन मीटरवरून चार मीटरवर गेला की त्याची प्रतिमा निम्मी होते. पण 'अरेच्चा, हा आखडला' असं आपण कधी म्हणत नाही.

या हिशेबाची चोरी पकडण्याची आणखी एक जुनी युक्ती आहे. स्विस नेत्रतज्ज्ञ एमिल एमर्ट यांनी 1881 मध्ये ती नियमात बसवली. पांढऱ्या कागदावर लाल टिकली लावा, तीस सेकंद तिच्याकडे एकटक बघा, मग नजर तळहातावर न्या. तिथे हिरवट निळसर ठिपका तरंगताना दिसेल, टिकलीएवढाच किंवा त्याहून लहान. तोच ठिपका समोरच्या भिंतीवर न्या. तो थाळीएवढा होतो. डोळ्याच्या पडद्यावरचा डाग तसूभरही बदललेला नाही. बदललं ते मेंदूने गृहीत धरलेलं अंतर. म्हणजे आकार आपल्याला नुसता दिसत नाही, तो प्रतिमा आणि अंतर यांचा गुणाकार करून काढावा लागतो. भाच्याच्या बाबतीत त्या रात्री हा गुणाकार दहा मिनिटं चुकत होता. प्रतिमा ठीक, डोळे ठीक, चष्म्याचा नंबर ठीक.

हा हिशेब मेंदूच्या मागच्या भागात चालतो. सर्वांत मागे दृष्टीचा भाग, त्याच्या वर आणि पुढे पार्श्विका खंड, खाली शंखखंड. जिथे हे तिन्ही एकमेकांना भिडतात तिथे दिसलेलं, ऐकलेलं आणि अंगाला जाणवलेलं एकत्र गुंफलं जातं. वस्तू लहान दिसण्याचे झटके येणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलाचा मेंदू झटका चालू असतानाच एमआरआय यंत्रात टिपण्याची दुर्मीळ संधी अमेरिकेतल्या संशोधकांना मिळाली. हा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रं दाखवल्यावर मेंदूच्या मागचा दृष्टीचा भाग नेहमीपेक्षा कमी चेतला होता आणि पार्श्विका खंडातला भाग जास्त. एकाच मुलाची गोष्ट आहे, तिच्यावर इमले बांधू नयेत. पण बोट योग्य जागी ठेवलं गेलंय असं वाटतं.

आणि लोडासारखी बोटं? त्याचं उत्तरही पार्श्विका खंडातच आहे. तिथे आपल्या शरीराचा एक नकाशा असतो, फारच बेढब. मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करत 1930 च्या दशकात तो शोधून काढला. या नकाशात पाठीला चिंचोळी पट्टी मिळते, बोटांना, ओठांना आणि जिभेला भलीमोठी जागा. मुलं 'माझं काहीतरी मोठं झालं' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हात, बोटं, डोकं किंवा जीभच असते, पाठ किंवा मांडी क्वचित, हा मला तरी योगायोग वाटत नाही. नकाशा हलला की काय वाटतं याची चव आपण घेतलेली असते. दाढ काढताना बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं की ओठ वडापावाएवढा सुजल्यासारखा वाटतो. आरशात बघितलं तर काहीच नसतं.

काहींच्या बाबतीत काळही सटकतो. आई नेहमीच्याच सुरात बोलत असते, पण मुलाला ती भराभर, रागावून बोलतेय असं वाटतं. पंख्याचा आवाज कानाशी येतो. अशा वेळी 'ओरडू नकोस ना' म्हणणारं मूल उद्धटपणा करत नसतं.

आता त्या गाठींकडे परत येऊ. घसा, ताप, मानेच्या गाठी आणि त्यानंतरचा अपार थकवा ही चौकडी एप्स्टीन-बार विषाणूची असू शकते. हा विषाणू 1964 मध्ये लंडनमध्ये सापडला, आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्यातल्या कर्करोगाच्या पेशींत. तो लाळेतून पसरतो. आपल्याकडे बहुतेक मुलांना तो अगदी लहानपणी गाठतो आणि काही न सांगता सवरता अंगात मुक्काम करतो. जरा मोठेपणी गाठला तर ग्लँड्युलर फीवर होतो. या तापाबरोबर मुलांना आकार बदलून दिसल्याच्या नोंदी 1970 च्या दशकापासून आहेत. कधी तर गाठी दिसायच्या आधीच हे झटके सुरू होतात. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये अशा मुलांच्या डोळ्यांसमोर चित्रं चमकवून मेंदूच्या मागच्या भागातला विद्युत प्रतिसाद मोजला. आजारात तो बिघडलेला होता, नंतर पुन्हा नेहमीसारखा झाला. विषाणू मेंदूपर्यंत पोचतो, की त्याच्याशी लढताना उठलेली दाहाची धग तिथे लागते, यावर अजून एकमत नाही. इन्फ्लुएन्झा आणि कांजिण्या यांच्यानंतरही असं झाल्याचं वैद्यकीय साहित्यात आहे. खोकल्याची आणि फ्लूची काही औषधंही क्वचित हा खेळ करतात, म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या बाटल्या सोबत न्याव्यात.

फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी 2014 मध्ये अशा 48 मुलांचा लेखाजोखा मांडला. सरासरी वय आठच्या आसपास. सर्वांत जास्त तक्रार वस्तू लहान दिसण्याची, त्याखालोखाल त्या लांब गेल्यासारख्या दिसण्याची. साधारण एकतृतीयांश मुलांना आधी संसर्ग झाला होता, आणि निम्म्या मुलांत कारणच सापडलं नाही. ज्यांचे एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विजेचे आलेख) काढले त्यांच्यात हे दुखणं समजावून सांगेल असं काही दिसलं नाही. काही मुलांना पुढे मायग्रेन सुरू झाला. घराण्यात अर्धशिशी असेल तर डॉक्टर ती आवर्जून विचारतात, ते यामुळेच.

असे झटके सहसा काही मिनिटांचे असतात, संध्याकाळी किंवा झोपायच्या वेळी येतात, आणि संसर्गानंतरचे असतील तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप विरळ होत थांबतात. त्यांच्यावर वेगळं औषध लागत नाही. पण पहिल्यांदा असं झालं की डॉक्टरांना दाखवायचंच. झटक्यात मूल हाकेला ओ देत नसेल, हातपाय झटकत असेल, ओठ चावल्यासारखं करत असेल, नंतर त्याला काहीच आठवत नसेल, तर आकडीची शंका येते. मान ताठरली, उलट्या होताहेत, गुंगी उतरत नाही, अंगाची एक बाजू लुळी पडली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

बहिणीला डॉक्टरांनी एकच काम लावून दिलं होतं. झटका आला की घड्याळ बघायचं, मुलाशी नेहमीच्या आवाजात बोलत राहायचं, आणि संपल्यावर त्याला काय दिसलं ते काढायला सांगायचं. एका दोनशे पानी वहीत अशी सहा चित्रं आहेत. पहिल्यात दाराशी आई आहे, मुगाच्या दाण्याएवढी, आणि तिचा हात तिथून लांबलचक येऊन पलंगावरच्या पायाला टेकलाय. चौथ्यात पंख्याची पाती खोलीबाहेर गेली आहेत. सहावं अर्धवटच आहे. त्याला रंग भरायचा होता, पण तोवर दार पुन्हा दाराएवढं झालं, म्हणून सोडून दिलं.

परवा गेलो तेव्हा वही दाखवताना तो म्हणाला, "मामा, आता बरेच दिवस आलंच नाही." जरा हिरमुसलेलाच होता.