गुळाचा खडा आणि आतड्याचं दार

पावसाळा सरला की कोल्हापुरातल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर ठरलेला मेसेज फिरायला लागतो: ‘साखर म्हणजे विष. राईडला फक्त गूळ न्या, तो हळूहळू ऊर्जा सोडतो.’ गूळ आपला, त्यात भौगोलिक मानांकन मिळालेला; त्याच्याविरुद्ध ब्र काढायचा म्हणजे गाव सोडायची तयारी हवी. पण गूळ मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे साखरच. तो हळूहळू वगैरे काही सोडत नाही, आणि ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला, तो कामाला येतो तो नेमका म्हणूनच.

ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. 200 किमीला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. चहा, पंक्चर, डुलकी सगळं त्यातच. चारही एकाच हंगामात झाल्या की ‘एसआर’, म्हणजे सुपर रँदोनर हा किताब. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला (1200 किमीहून थोडं जास्त, कमाल 90 तास) जायचं तर ही मालिका त्याच वर्षी पुरी करावी लागते. 2023 नंतरची पुढची 2027 ला.

आता 200 चा हिशेब. पेडलवर सरासरी 100 वॅट, दहा तास. झालं 1 युनिट काम, घरच्या मीटरवर पडतं तेवढंच. पण स्नायू खाल्लेल्यातला जेमतेम पाव हिस्सा पेडलला देतात, बाकी उष्णता. म्हणजे खर्च 4000 किलोकॅलरींच्या आसपास. स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज, त्याच्या निम्मंच. चरबी भरपूर असते, पण तिचा पुरवठा सावकाश. म्हणून खायचं खोगिरावरच.

आणि इथे खरी गंमत सुरू होते. लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं प्रथिन असतं. ग्लुकोजचा एक रेणू आत घ्यायला त्याला सोडियमचे दोन आयन सोबत लागतात. पेशी आतलं सोडियम दुसऱ्या बाजूने सतत उपसत असते, त्यामुळे आत सोडियम कमी, बाहेर जास्त. त्या उतारावरून सोडियम आत घसरतं आणि ग्लुकोजला ओढून नेतं. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 मध्ये प्रागला मांडली. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून जगवलं, त्यामागेही हीच जोडी.

पण हे दार अरुंद. तासाला साधारण 60 ग्रॅम ग्लुकोज गेलं की ते भरतं. केएमटी बसच्या स्टॉपवर गर्दी कितीही असो, एका दारातून चढणार तेवढेच. फ्रुक्टोजला मात्र जीएलयूटी-5 हे वेगळं दार आहे. सुक्रोज आतड्यात फुटलं की निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. दोन्ही दारं चालू. दोन्ही मिळून तासाला 90 ग्रॅमपर्यंत मजल जाते. महागड्या एनर्जी जेलच्या पाकिटावर ‘ड्युअल सोर्स’ छापलेलं असतं ते हेच. आपल्या गुऱ्हाळात ते ढेपेने मिळतं.

हव्यासाने जास्त कोंबलं तर उरलेली साखर आतड्यातच राहते आणि परासरणाने पाणी ओढते. त्यात रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं. निपाणी ओलांडून तवंदी घाटाला लागेपर्यंत पोट ढवळायला लागतं, आणि भिडू रस्त्याकडेला सायकल आडवी टाकून बसतो. ‘दमलो’ म्हणतो, पाय शाबूत असतात, संप आतड्याने केलेला असतो.

आतड्यालाही सराव लागतो. पन्हाळ्याच्या रविवारच्या राईडला तासाला 30 ग्रॅमने सुरुवात करावी, काही आठवड्यांत 60 वर न्यावं. नुसत्या ओआरएसच्या भरवशावर मात्र राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम; ते पाणी टिकवायला आहे, पायांना इंधन द्यायला नाही. 600 च्या रात्री तोंड गोडाला विटतं तेव्हा खिशात शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी असावी. तिच्यातला स्टार्चही शेवटी ग्लुकोजच्याच दारातून जातो, मीठही आयतंच मिळतं.