पाऊण किलोत सहा जणांचा स्ट्यू

"स्ट्यूला बोनलेस द्या," हे आमच्या म्हशीच्या मांसाच्या दुकानात काउंटरवर रोज ऐकतो. देतोही, त्यात आम्हाला चार पैसे जास्तच सुटतात. पण स्ट्यूला ते मांस नको. बिनशिरांचा मऊ तुकडा तासभर शिजला की त्याचा चोथा होतो. मागायचं ते बोंग, म्हणजे पोटरीचं मांस. हाडासकट घेतलंत तर स्वस्तही पडतं. त्यातल्या पांढऱ्या शिरा काढायला सांगू नका. मंद आचेवर त्याच विरघळतात आणि रस्सा दाट होतो. जेवताना ओठ जरासे चिकटले की समजा, जमलं. तुकडे मोठ्या लिंबाएवढे करून घ्या. आमची पोरं सवयीने बारीक करतात, आधीच टोका.

मार्च २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आमच्याकडे मिळतं ते फक्त म्हशीचं. म्हशीचं मांस गडद आणि कमी चरबीचं, शिजायला जरा वेळ घेतं.

सहा जणांसाठी पाऊण किलो बोंग, दोन कांदे, पाव किलो गाजर, तीन बटाटे, एक सलगम, दोन टोमॅटो, सात-आठ लसूण पाकळ्या, तमालपत्र, दालचिनी, थोडी लवंग-मिरी. स्ट्यूत वासासाठी घालतात ती सेलरीची भाजी कशाला, कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून घाला.

मांस फडक्याने कोरडं टिपा, मीठ आणि चमचाभर मैदा चोळा. कुकरमध्ये तेल चांगलं तापवून थोडे थोडे तुकडे परता. सगळे एकदम टाकलेत तर पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. तुकडे बाहेर काढून त्याच तेलात कांदा-लसूण लालसर करा. मग वाटीभर गरम पाणी ओतून तळाला लागलेला तपकिरी थर उलथन्याने खरवडून घ्या. चव त्या थरात आहे. करपून काळा झाला असेल तर मात्र कुकर धुऊन घ्या. आता मांस, टोमॅटो, मसाले घाला. पाणी मांसाच्या जेमतेम वर. कुकरमध्ये ते फारसं आटत नाही.

एक ताई तक्रार घेऊन आल्या होत्या, "चामडं दिलंत." विचारलं तर मोठ्या आचेवर चार शिट्ट्या, दहा मिनिटांत गॅस बंद. शिट्ट्या मोजू नका. पहिली झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळात चाळीस मिनिटं बघा. वाफ आपोआप जिरू द्या. तुकडा चमच्याने तुटत नसेल तर आणखी दहा मिनिटं. भाज्या त्यानंतरच घाला आणि झाकण नुसतं ठेवून वीसेक मिनिटं शिजवा. रस्सा पातळ वाटला तर बटाट्याच्या दोन फोडी त्यातच कुस्करा.

सोबत कडक कवचाचा ब्रून पाव. उरलेला स्ट्यू दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. वर गोठलेली चरबी चमच्याने काढून ठेवा, बटाटे परतायला कामाला येते. रविवारी सकाळी दहानंतर बोंग उरत नाही. शनिवारी सांगून ठेवलंत तर बाजूला काढू.