बाराशेचा चार्ट सगळ्यांना चालत नाही

बेळगावात हल्ली वजनाचा विषय निघाला की कुणीतरी मोबाईल काढतं आणि एक चार्ट पुढे पाठवतं. सकाळी कोमट पाणी, नाश्त्याला दोन इडल्या, दुपारी एक फुलका आणि वाटीभर भाजी, रात्री सूप. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, एकूण १२०० कॅलरी. टिळकवाडीच्या बँकेत दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या बाईंनाही तोच चार्ट, उद्यमबागेत फौंड्रीत साचे भरणाऱ्या तरुणालाही तोच आणि येळ्ळूरच्या शिवारात भाताची लावण करून कंबर धरलेल्या बाईलाही तोच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी जे आकडे दिले, ते या चार्टशेजारी ठेवून पाहावेत. ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात. तेवढ्याच वजनाच्या पण कष्टाचं काम करणाऱ्या बाईला २७२०. पुरुषांत (वजन ६५ किलो धरून) हेच आकडे २११० आणि ३४७० आहेत. एकाच गल्लीतल्या दोन माणसांच्या गरजेत हजाराहून जास्त कॅलरींचा फरक असेल, तर दोघांना एकच चार्ट देणं मला घातक वाटतं. आपला आकडा ज्याने त्याने शोधायला हवा. त्याला लागतं ते वजनाचा काटा, स्वयंपाकघरातला छोटा काटा, वही आणि दोन आठवड्यांचा धीर.

कॅलरी हे उष्णतेचं माप आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी; बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने १७८० च्या दशकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वास घेणं हे एक संथ ज्वलनच आहे, हे त्यातून दिसलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटरने अन्नघटकांचे हिशेब बसवले. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ग्रॅमला ९. आज बिस्किटाच्या पुड्यावर छापलेला आकडाही मुख्यतः याच गुणाकारातून येतो.

आपण खातो त्यातली सर्वांत मोठी वाटणी काहीही न करता संपते. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू ठेवणं आणि अंग गरम राखणं, यातच बैठ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चाचा साधारण ६० ते ७० टक्के भाग जातो. दहाएक टक्के पचनाला लागतात. उरलेला खर्च हालचालीचा. चाळिशी ओलांडली की ही शरीराची मूळ आंच मंदावते, असं सर्रास बोललं जातं. पण २०२१ मध्ये २९ देशांतल्या ६४०० हून जास्त लोकांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वजन आणि स्नायूंचा हिशेब वजा केल्यावर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ स्थिर दिसला. म्हणजे चाळिशीत पोट सुटतं त्याचं कारण बहुधा कमी झालेल्या हालचालीत, गेलेल्या स्नायूंत आणि ताटात शोधावं लागेल.

मूळ खर्चाचा अंदाज बांधायला १९९० साली मिफ्लिन आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र सर्वाधिक वापरलं जातं. वजनाला (किलो) १० ने गुणा, उंचीला (सेंटिमीटर) ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुष असेल तर वर ५ मिळवा, स्त्री असेल तर १६१ वजा करा. बँकेतल्या बाई ४५ वर्षांच्या, ६८ किलोच्या, १५५ सेंटिमीटर उंचीच्या आहेत असं धरू. सूत्र सांगतं १२६३. बैठ्या दिनक्रमासाठी याला १.४ ने गुणलं की १७६८ येतात. पण हे सूत्र अमेरिकी लोकांवरून बसवलेलं आहे. भारतीयांत विश्रांतीच्या वेळचा खर्च सूत्राच्या अंदाजापेक्षा काहीसा कमी भरतो, त्यामुळे पाच ते दहा टक्के काढून टाकणं शहाणपणाचं. बाईंचा आकडा १६०० ते १६८० च्या दरम्यान येतो. तेवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहील.

सर्वत्र सांगितला जाणारा ‘रोज ५०० कमी करा’ हा नियम इथेच अडतो. १६०० मधून ५०० गेले की ११०० उरतात, आणि बायकांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १२०० च्या खाली जाऊ नये असा साधारण दंडक आहे. तेवढ्या अन्नात लोह, कॅल्शियम, प्रथिनं पुरेशी बसवणं अवघड होतं. उंच, धिप्पाड शरीरांना झेपणारी ५०० ची काटछाट आपल्याकडच्या बुटक्या, लहान चणीच्या बायकांना झेपत नाही. त्यांनी २५० ते ३०० च कमी करावेत. वजन सावकाश उतरेल, पण अंगात त्राण राहील.

फौंड्रीतला तरुण याच्या उलट टोकाला आहे. वय ३०, वजन ७०, उंची १६८ असेल तर त्याचा मूळ खर्च १६०५ येतो. साचे भरण्याच्या, उचलाउचलीच्या कामासाठी त्याला १.८ ने गुणायचं, म्हणजे २८८९. उद्या तोच सुपरवायझर होऊन टेबलाशी बसला तर गुणक १.४ होतो आणि गरज २२४७ वर येते. रोज ६४० कॅलरींचा फरक. पगार वाढतो, डबा तोच राहतो आणि वर्षभरात पट्ट्याला नवं भोक पाडावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली ताटं मुळात शेतात राबणाऱ्या, माग चालवणाऱ्या अंगांसाठी वाढलेली आहेत. मागची पिढी जेवढं खायची तेवढंच आपण खातो. तिच्याएवढं चालत मात्र नाही.

बाराशेच्या चार्टवर राबणाऱ्या माणसाचं काय होतं, याची कल्पना मिनेसोटातल्या एका जुन्या प्रयोगावरून येते. १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे रोज सुमारे १५७० कॅलरींवर ठेवलं आणि चालायलाही लावलं. त्यांचं वजन चतुर्थांशाने घटलं. सोबत अशक्तपणा, चिडचिड, सतत थंडी वाजणं आणि दिवसरात्र अन्नाचेच विचार आले. शरीराने खर्चही आखडता घेतला. तो आकडा १५७० होता, १२०० नव्हे.

आता मोजणीकडे येऊ, कारण खरी गफलत तिथे होते. १९९२ मध्ये अमेरिकेत अशा लोकांना तपासलं गेलं जे सांगत की आम्ही १२०० पेक्षा कमी खातो तरी वजन हलत नाही. खास समस्थानिकांचं (वेगळ्या वजनाच्या अणूंचं, शरीरात माग काढता येणारं) पाणी पाजून त्यांचा खरा खर्च मोजला. त्यांचं शरीर अगदी सर्वसाधारण निघालं. खाणं मात्र ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. ते खोटारडे होते असं मला वाटत नाही. नजरेने अन्न मोजणं माणसाला जमतच नाही.

आपल्या भाकरीचंच घ्या. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये ‘एक ज्वारी भाकरी’ लिहिलं की एकच आकडा येतो. पण खानावळीतली पातळ कडक भाकरी ५० ग्रॅम पिठाची असते आणि खेड्यात चुलीवर थापलेली ९० ची. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३३० कॅलरी असतात, म्हणजे पहिली १६५ ची, दुसरी जवळपास ३०० ची. दोन्ही मोजताना ‘एक’च. काटा घ्या, परात ठेवा, शून्य करा आणि भाकरीपुरतं पीठ घालून बघा. पाणी आणि मीठ हिशेबात धरायचं नाही. भाकरी कडक भाजली म्हणून कॅलरी घटत नाहीत, फक्त पाणी उडतं. आठवडाभर मोजलं की हाताला सवय होते. तांदूळही शिजायच्या आधीच मोजावा. ६० ग्रॅम कच्च्या तांदळाचे साधारण २१० येतात, मग तो बासमती असो की जाडा.

तेल असं रोज मोजता येत नाही. फोडणी सगळ्या घराची असते, तवंग कुणाच्या वाटीत किती गेला ते कळत नाही. त्याला एक सोपा उपाय आहे, महिन्याचा डबा मोजणे. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल संपत असेल तर ते सुमारे ४६०० ग्रॅम होतं. नवाने गुणून, चौघांत आणि ३० दिवसांत वाटलं की माणशी रोज ३४५ कॅलरी येतात, नुसत्या तेलाच्या. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला पोषण संस्था दिवसाला २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम वरचं तेल-तूप सुचवते. इथे ३८ ग्रॅम झालं. भरल्या वांग्यातला शेंगदाण्याचा कूट, भाकरीवरची शेंगाचटणी आणि तिच्यावर सोडलेलं तेल यांचाही विचार करायला हवा. शेंगदाणा उत्तम अन्न आहे, पण १०० ग्रॅमला ५०० च्या वर कॅलरी देतो. उपवासाच्या खिचडीत ८० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप धरलं तर ५०० चा आकडा गाठला जातो. संकष्टीला वजन वाढण्याचं गूढ यात उकलतं.

गुळाबद्दल आपल्या ऊसपट्ट्यात फार प्रेम आहे आणि ते मलाही आहे. पण कॅलरींच्या बाबतीत गूळ साखरेहून किंचितच कमी. दिवसाला पाच कप चहा आणि कपात दोन चमचे गोड, म्हणजे दुधाखेरीजच २०० कॅलरी. कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, ५० ग्रॅमचा तुकडाही दोनशेच्या आसपास जातो. पाहुणे आले की खायचा तो आनंदाने खावा, वहीत लिहावा आणि पुढे जावं.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो भाग. पहिले दोन आठवडे खाण्यात काहीही बदल करू नका. फक्त लिहा. रोज सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी वजन करा. दोन आठवड्यांनी पहिल्या सात दिवसांची सरासरी आणि दुसऱ्या सात दिवसांची सरासरी ताडून पाहा. वजन जागच्या जागी असेल तर वहीतली रोजची सरासरी कॅलरी हाच तुमचा ‘टिकवण्याचा’ आकडा. आठवड्यात २०० ग्रॅम घटलं असेल, तर (एक किलो चरबीला सुमारे ७७०० कॅलरी धरून) तुम्ही रोज २२० ने कमी खात आहात, म्हणजे टिकवण्याचा आकडा तेवढा वर आहे.

सूत्रापेक्षा ही रीत मला जास्त भरवशाची वाटते, आणि त्याला कारण आहे. तुमची मोजणी चुकत असेल, पण रोज त्याच रीतीने चुकत असेल, तर ती चूक हिशेबातून आपोआप निघून जाते. दुकानदाराचा तराजू रोज ५० ग्रॅमने चुकत असला, तरी कालच्यापेक्षा माल वाढला की घटला हे त्यावरही नेमकं कळतं. खरे १७०० खाऊन वहीत १४५० लिहिणाऱ्या बाईंचं वजन स्थिर असेल, तर त्यांनी वहीत ११५० ते १२०० होतील इतकं कमी करायचं. प्रत्यक्षात त्या १४०० ते १४५० खात असतील आणि सुरक्षित असतील. अट एकच, मोजायची पद्धत मध्येच बदलायची नाही. आणि शक्य तिथे काटा वापरायचा, कारण वहीतला आकडा खऱ्याच्या जितका जवळ, तितकं बाराशेच्या मर्यादेचं भान नीट राहतं.

सात दिवसांची सरासरी का, तर एका दिवसाचं वजन फसवतं. शरीरात साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, दर ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. लोणचं-पापड जास्त झाले, मासिक पाळी जवळ आली, तरी पाणी साठतं. गौरी-गणपतीच्या जेवणावळीनंतर काटा दीड किलो जास्त दाखवतो, पण दीड किलो चरबी व्हायला खर्चापेक्षा ११,५०० कॅलरी जास्त खायला हव्यात. एवढं कुणीही दोन दिवसांत खाल्लेलं नसतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात झरझर उतरलेले दोन किलोही बरेचसे पाणीच असतात.

पुढेही वेग मंदावतो. रोज २०० कमी केले तर सरळ भागाकाराने वर्षात साडेनऊ किलो जायला हवेत. शरीर मात्र हलकं होतं तसा खर्चही घटवतं. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानाप्रमाणे रोजच्या २४ कॅलरींच्या बदलाला अखेरीस एक किलो, आणि त्यातला अर्धा बदल पहिल्या वर्षात. म्हणजे २०० कमी केले तर पहिल्या वर्षात चारेक किलो. पाच किलो उतरल्यावर मूळ खर्च ५० ने आणि दिवसाचा खर्च साधारण ७० ने कमी होतो, म्हणून तेव्हा पुन्हा दोन आठवडे मोजून नवा आकडा काढावा.

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी चालायला जाणाऱ्यांनी जरूर जावं. हृदय, रक्तातली साखर, झोप सगळ्यालाच ते चांगलं. पण ७० किलोच्या माणसाने ५ किलोमीटर चालून दोन-अडीचशे कॅलरीच खर्च होतात, आणि परतताना खाल्लेली एक बशी भजी ते सगळं परत देते. काटछाट करताना उसळ, डाळ, ताक, अंडी, मासे यांना हात लावू नये. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही जातात. कात्री लावायची ती तेल, गोड आणि दुसऱ्यांदा वाढलेल्या भाताला.

काट्याबरोबर शिवणकामाची टेपही वापरा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की भारतीय माणूस वजनाने बारीक दिसला तरी पोटाशी चरबी बाळगून असतो. कंबर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर वजन ‘नॉर्मल’ असूनही लक्ष द्यायला हवं. उलट स्नायू कमावणाऱ्याचं वजन थांबतं आणि कंबर उतरत राहते. त्याचं काम बरोबर चाललेलं असतं.

काही जणांनी मात्र हा प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेह्याने अचानक जेवण घटवलं तर साखर धोकादायक खाली जाते. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्यावा. गरोदर बाईला रोज सुमारे ३५० आणि पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला ६०० कॅलरी जास्तच लागतात. त्यांच्या मोबाईलवर कुणी बाराशेचा चार्ट पाठवला असेल तर तो पुसून टाकायला सांगा.