शाळा नऊला: आदेश चौथीपर्यंतचा, संशोधन आठवी-दहावीचं

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्रात शासन निर्णय निघाला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत, असं त्यात म्हटलं होतं. दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, राज्यपालांनी एका कार्यक्रमात मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा काढला होता. तिथून चक्रं फिरली. नंतर जी चर्चा झाली ती बस, व्हॅन, डबा आणि दोन सत्रं यांभोवती. झोपेचं संशोधन उशिराच्या शाळेची शिफारस करतं खरं, पण ते नेमकं कोणत्या वयाबद्दल बोलतं, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही.

शरीरात घड्याळ असतं, हे आता नव्याने सांगायला नको. १७२९ मध्ये अंधारात ठेवूनही वेळेवर पानं उघडणारं लाजाळूसारखं रोप, १९३८ मध्ये केंटकीतल्या गुहेत २८ तासांचा दिवस जगून पाहणारे दोघे संशोधक, १९७१ मध्ये फळमाशीत सापडलेलं जनुक आणि त्या वाटेवरच्या पुढच्या कामाला २०१७ मध्ये मिळालेलं नोबेल, हे सारं बहुतेकांच्या वाचनात आलेलं आहे. मदुराईजवळच्या गुहेतली वटवाघुळं आणि पुढे तिथेच घड्याळ व सूर्यप्रकाश यांच्यापासून तोडलेल्या खोलीत राहिलेली माणसं यांच्यावर आपल्याकडेही बरंच काम झालं आहे. मराठी लेखांत मात्र त्याची आठवण क्वचितच निघते.

इथे कामाची गोष्ट एवढीच. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांहून थोडं लांब चालतं; १९९९ मधल्या मोजणीत ते २४ तास ११ मिनिटांच्या आसपास भरलं. म्हणजे ते रोज थोडं मागे पडायला बघतं आणि रोज जुळवून घ्यावं लागतं. सकाळचा उजेड त्याला पुढे ओढतो, रात्रीचा उजेड आणखी मागे ढकलतो. शाळेच्या वेळेचा सगळा वाद या दोन उजेडांमधला आहे.

तो वाद सुरू झाला अमेरिकेत, आणि तोही एका चुकीच्या अंदाजातून. मूल मोठं होतं तशी त्याची झोपेची गरज घटते, असं १९७०च्या दशकापर्यंत सर्रास मानलं जाई. तपासून पाहायला कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात दर उन्हाळ्यात मुलांची छावणी भरू लागली. तीच मुलं वर्षानुवर्षं यायची आणि रात्री १० तास अंथरुणावर असायची. अपेक्षा अशी की वय वाढेल तशी त्यांची झोप कमी होत जाईल. झालं भलतंच. दहा वर्षांची असोत की सोळा-सतराची, सगळी सव्वानऊ तासांच्या आसपास झोपली. उलट मोठ्या मुलांना तेवढी झोप मिळूनही दुपारी पेंग जास्त येत होती.

१९९३ मध्ये त्याच संशोधकांच्या वर्तुळातून दुसरा निष्कर्ष आला. सहावीतल्या साडेचारशेहून अधिक मुलामुलींना सवयींबद्दल प्रश्न विचारले होते. वर्ग एकच, पण ज्या मुली वयात येण्याच्या वाटेवर पुढे होत्या त्यांचा कल रात्री जागण्याकडे अधिक दिसला. म्हणजे नुसत्या गृहपाठाने किंवा टीव्हीने याचा उलगडा होत नव्हता. पुढच्या दशकभरात कारणं उकलत गेली. पौगंडावस्थेत मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, संध्याकाळी उशिरा स्रवू लागतं. शिवाय दिवसभरात साचत जाणारी झोपेची ओढ या वयात हळू साचते, त्यामुळे दहा वाजले तरी डोळे मिटत नाहीत. २००४ मध्ये युरोपातल्या हजारो लोकांच्या नोंदींवरून असं दिसलं की हा उशिराकडचा कल विशीच्या आसपास टोकाला जातो, मुलींमध्ये थोडा आधी, आणि मग ओसरू लागतो.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. नववीतून दहावीत जाताना काही विद्यार्थ्यांची शाळा ८:२५ ऐवजी ७:२० ला भरू लागली होती. त्यांना सकाळी प्रयोगशाळेत आडवं केलं तेव्हा जवळपास निम्मे विद्यार्थी पाहता पाहता स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, गेले. निरोगी माणूस सकाळी साडेआठला असा थेट रेम झोपेत उतरत नाही; नार्कोलेप्सी या आजारात तसं घडतं. वर्गात बसलेली ही मुलं शरीराच्या हिशेबाने अजून मध्यरात्रीतच होती.

पुढचा भाग धोरणांचा आहे आणि तो एकसारखा नाही. मिनेसोटातल्या एका उपनगराने १९९६ मध्ये माध्यमिक शाळा ७:२० वरून ८:३० वर नेली. शेजारच्या मोठ्या शहराने वर्षभरात ७:१५ वरून ८:४० वर. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, असं सांगितलं. २०१६ मध्ये सिअ‍ॅटलने ७:५० चे ८:४५ केले आणि मनगटावरच्या नोंदयंत्रांनी मुलांची झोप रात्रीला ३४ मिनिटांनी वाढल्याचं दाखवलं. उशिरा शाळा म्हणजे मुलं आणखी उशिरा झोपतील, हा नेहमीचा आक्षेप तिथे तरी टिकला नाही. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदाच केला, तो २०२२ पासून लागू झाला. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला, मग बसचा खर्च आणि चालकांचं गणित जमेना म्हणून २०२५ मध्ये जिल्ह्यांना त्यातून वाट काढून दिली.

आपल्या जवळचं उदाहरण सिंगापूरचं. तिथल्या एका मुलींच्या शाळेने साडेसातची वेळ सव्वाआठ केली. महिनाभराने मुलींचा अंथरुणातला वेळ सुमारे २३ मिनिटांनी वाढलेला होता; नऊ महिन्यांनी झोपेतली वाढ साधारण १० मिनिटं मोजली गेली. परीक्षा आणि शिकवण्यांनी भरलेल्या समाजात ४५ मिनिटं उशीर केला तर हाती इतकंच लागतं. राजस्थानातल्या कोटा शहराच्या शिकवण्यांच्या जाहिराती पाहत वाढणाऱ्या आपल्या मुलांबद्दल बोलताना सिअ‍ॅटलआधी सिंगापूर आठवायला हवं, असं माझं मत.

या सगळ्या यादीत एक गोष्ट समान आहे: हे वर्ग सहावीपासून पुढचे आहेत. बालवाडी ते चौथीच्या मुलांच्या शरीरात हे उशिरा सरकणं अजून सुरूच झालेलं नसतं. पाच-सहा वर्षांचं मूल रविवारीही सहाला उठून आईबाबांना हलवतं, हे घरोघरी ठाऊक आहे. या वयात झोप तुटते ती बहुतेक संध्याकाळच्या बाजूने. २०१८ मध्ये कोलोरॅडोत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर १००० लक्सच्या झगमगीत उजेडात खेळवलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन ८८ टक्क्यांनी दबलं आणि उजेड गेल्यावर पाऊण तास उलटला तरी वर आलं नाही. त्या प्रयोगात मुलं मोजकी होती. पण २०२२ मध्ये त्याच गटाने अगदी मंद उजेडापासून प्रखर उजेडापर्यंत वेगवेगळ्या पातळ्या वापरून पाहिल्या, आणि मंद दिव्यांतही मेलाटोनिन बरंच खाली आलं. लहान मुलांच्या डोळ्यातली बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ, त्यामुळे मोठ्यांपेक्षा जास्त उजेड आत जातो, असं त्याचं एक कारण दिलं जातं.

आता शासन निर्णय पुन्हा वाचावा. बदललेली जीवनशैली, करमणुकीची साधनं, शहरांत रात्री उशिरापर्यंत चालणारे वाहनांचे आणि संगीताचे आवाज यांमुळे मुलं उशिरा झोपतात, असं तो स्वतःच म्हणतो. पालकही उशिरा झोपतात म्हणून मुलं उशिरा झोपतात, हा मुद्दाही त्यात आहे. निदान बरोबर आहे. पण हे सगळं दुखणं रात्रीचं, आणि उपाय सकाळचा. रात्रीचा आवाज, दिवे आणि पडदे यांना हात न लावता सकाळ उशिरा केली, तर रात्रीही तेवढीच उशिराकडे सरकायला मोकळी राहते.

याहून मोठा पेच जागेचा. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या कितीतरी शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत भरतात. प्राथमिक सकाळी असेल तर माध्यमिक दुपारी, नाहीतर उलट. जिथे प्राथमिक सकाळी सातला भरत होती तिथे आदेश पाळायचा सोपा मार्ग एकच: सत्रांची अदलाबदल. चौथीतलं मूल दुपारी, आठवी-नववीतलं सकाळी सातला. ज्यांच्या शरीराला पहाट सोसत नाही असं संशोधन सांगतं, त्यांनाच पहाटे उठवायचं. बसवाल्यांच्या संघटनांनी दोन फेऱ्यांचा खर्च आणि वाहतूक कोंडी पुढे केली, मुख्याध्यापकांनी खोल्या मोजून दाखवल्या. खरी अडचण असलेल्या शाळांबाबत शिक्षणाधिकाऱ्यांनी प्रकरण पाहून निर्णय घ्यावा, अशी पळवाट आदेशात होतीच. माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक टीकेचा सूर सोय-गैरसोयीचा होता. चुकीच्या वयोगटाचा मुद्दा तुरळकच.

जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या एका खंडपीठाने नेहमीच्या साडेदहाऐवजी साडेनऊला काम सुरू केलं होतं. मुलं सातला शाळेत जाऊ शकतात तर न्यायाधीश-वकिलांना नऊला यायला काय हरकत आहे, असा तिथला युक्तिवाद होता. सातची शाळा आपल्याला किती स्वाभाविक वाटते, याचा हा नमुना.

आणि ते सात तरी कुठले? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची. मुंबईचा सूर्य तिच्या ३९ मिनिटं मागे चालतो, पणजीचा ३५, नागपूरचा फक्त १४. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईत यावरून खडाजंगी झाली आणि शहराने आपली जुनी वेळ पार १९५५ पर्यंत जपली. त्या जुन्या घड्याळाने मोजलं तर आजची मुंबईतली सातची शाळा ६:२१ ला भरते. जानेवारीत तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. मूल अंधारात रिक्षात बसतं आणि घड्याळ पुढे ओढणारा सकाळचा उजेड त्याला प्रार्थनेनंतरच भेटतो. संध्याकाळी उलट प्रकार. २०१९ मध्ये पुढे आलेल्या भारतीय आकडेवारीवरच्या एका अभ्यासाने दाखवलं की सूर्यास्त तासभर उशिरा झाला की मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, कारण ती उशिरा झोपतात, पण शाळेसाठी उठण्याची वेळ बदलत नाही. गरीब घरांत हा फटका जास्त बसतो. एकाच आदेशाने गडचिरोली आणि मुंबई दोन्हीकडे नऊ वाजवताना हा फरक कुठेच आला नाही.

आदेशानंतरचं पहिलं वर्ष संपत आलं तोवर ऊन आडवं आलं. शनिवारची आणि उन्हाळ्यातली सकाळची शाळा ही महाराष्ट्रातली जुनी रीत. मार्च २०२५ च्या अखेरीस उष्णतेचं कारण देऊन राज्यभर एकच वेळापत्रक लावलं गेलं: प्राथमिक सकाळी ७ ते ११:१५, माध्यमिक ७ ते ११:४५. प्राथमिकमध्ये पहिली ते चौथीही आलीच.