ओळख बदलली की अभ्यास बदलतो का?

दहावीचा निकाल लागला की नागपुरात घरोघरी एकच चर्चा: सायन्स की कॉमर्स? ‘मला कोण व्हायचंय?’ हा खरा प्रश्न त्या गडबडीत मागेच राहतो. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने किशोरवयाचं मुख्य काम म्हणून हाच प्रश्न मांडला. 1966 मध्ये जेम्स मार्सिया यांनी त्यात चार अवस्था पाहिल्या. कुणी शोध घेऊन स्वतःची ओळख घडवतो, कुणाचा शोध चालू असतो, कुणी त्या वाटेला जातच नाही. चौथा मात्र मोठ्यांनी दिलेली ओळख न तपासता अंगावर घेतो. या चौथ्याचं आपल्याकडे कौतुकच होतं, आणि मला ते काळजीचं वाटतं.

कारण दिलेली ओळख जातीची असेल, तर ती थेट बुद्धीच्या कामात आडवी येते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या 642 मुलग्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. निम्मे उच्च जातींतले, निम्मे दलित. कुणाची जात कुणाला सांगितली नाही, तेव्हा दोन्ही गट बरोबरीचे ठरले. दुसऱ्या काही मुलांचं मात्र सर्वांसमोर नाव, वडील-आजोबांचं नाव आणि जात वाचून दाखवली, आणि त्यांच्यातल्या दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरलेली दिसली. कोडी त्याच धाटणीची होती. बदलली होती ती वर्गातली हवा.

मग उलट दिशेने काय घडतं? ते पाहायला नागपूरसारखं गाव नाही. ओझी वाहणाऱ्या जाईबाई चौधरी लिहा-वाचायला शिकल्या, शिक्षिका झाल्या. जात कळताच पालकांनी विरोध केला आणि नोकरी गेली. त्यांनी नागपुरातच मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांसोबत लाखोंनी इथेच धम्मदीक्षा घेतली. लादलेली ओळख सोडून, समजून-उमजून दुसरी स्वीकारणं, तेही एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून. आजही दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या स्टॉलवर रांगा लागतात, आणि तिथे आलेली आजी नातवासाठी पुस्तक निवडताना दिसते.

2001 च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता 72.7 टक्के होती, देशाची सरासरी 64.8. हे सगळं श्रेय धर्मांतराचंच, असं म्हणता येणार नाही. शहरांत येणं, गिरण्यांची मजुरी, आरक्षण, शिष्यवृत्ती, आधीच्या चळवळी यांचाही त्यात वाटा आहे. तरी ‘शिकणारे लोक म्हणजे आपण’ ही ओळख एकदा घरात शिरली की शाळा सोडणं सहज राहत नाही, एवढं मला नक्की वाटतं.

म्हणून शाळांकडे एक साधं मागणं आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना भर वर्गात ‘या या प्रवर्गातले उभे राहा’ म्हणू नये. मधल्या सुट्टीत बोलावून प्रत्येकाच्या हातात कागद द्यावा. याला पैसा लागत नाही, जीआरचीही वाट पाहावी लागत नाही.