टेनिसमध्ये दोन हातांच्या बॅकहँडला जाड ग्रिप लागते का?

‘बॅकहँड दोन हातांनी मारतोस ना, मग एक नंबर जाड ग्रिप घे,’ हा सल्ला नवख्या खेळाडूंना सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. (बॅकहँड म्हणजे हाताची मागची बाजू पुढे ठेवून मारलेला फटका, ग्रिप म्हणजे दांड्याचा हातात धरायचा, पट्टी गुंडाळलेला भाग.)

दोन्ही हात दांड्यावर एकावर एक नसतात, एकापुढे एक असतात. त्यामुळे दुसऱ्या हाताला जागा हवी ती लांबीत, जाडीत नव्हे. वरच्या हाताची तर्जनी ग्रिप संपून फ्रेमवर टेकत असेल, तर ओव्हरग्रिप (ग्रिपवर गुंडाळायची पातळ पट्टी) थोडी वरपर्यंत गुंडाळा किंवा लांब दांड्याची रॅकेट बघा.

जाडी ठरवायची खालच्या हातावरून. सर्व्हिस, फोरहँड आणि व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) तोच मारतो. नेहमीसारखी रॅकेट धरा आणि अनामिकेचं टोक व तळव्याचा फुगीर भाग यांच्यात दुसऱ्या हाताची तर्जनी घालून बघा. जेमतेम मावली तर माप बरोबर. बोटं तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, फटीत तर्जनी सैल फिरत असेल तर जाड. फार जाड दांड्यावर मनगट मोकळं वळत नाही, आणि ते सर्व्हिसला पहिल्यांदा जाणवतं.

दोन मापांत अडलात तर माझं मत ठाम आहे: लहान घ्या. ग्रिपच्या मापांच्या नंबरांत एल २ म्हणजे सव्वाचार इंच घेर, एल ३ त्याहून १/८ इंच जास्त. एका ओव्हरग्रिपने साधारण १/१६ इंच वाढतो, म्हणजे अर्धा नंबर. जाड दांडा तासून बारीक करणं मात्र जिकिरीचं काम, बऱ्याच रॅकेटींना ते जमतही नाही.