समेची वाट

गेल्या पावसाळ्यात माझ्या कादंबरीचं एक प्रकरण अडून बसलं होतं. खासबाग मैदानात पोरगा कुस्ती हरतो आणि बाप त्याला घेऊन चालत घरी येतो, एवढाच प्रसंग. बापाला मी पहिल्याच परिच्छेदात रडवलं होतं. शब्दांत चूक नव्हती, तरी वाचताना आत काही हलत नव्हतं.

त्या रात्री जयपूर-अत्रौली घराण्याचा एक ख्याल ऐकत बसलो. आम्हा कोल्हापूरकरांना हे गाणं घरचं वाटतं, कारण ते घडवणारे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या पदरी इथेच राहिले. विलंबित तीनताल, सोळा मात्रांचं आवर्तन. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे ठाऊक असतं. तरी गाणारी तिच्याकडे वळणं घेत निघाली की श्वास जरा अडतो, आणि ती समेवर आली की मान आपोआप हलते.

या अडलेल्या श्वासाचा माग माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी काढला. गाणं ऐकताना ज्यांच्या अंगावर काटा येतो अशा माणसांना त्यांनी त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं आणि मेंदूतलं डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं एक रसायन, तपासलं. 2011 साली निष्कर्ष छापून आले. काटा येतो त्या क्षणी डोपामिन न्यूक्लियस अकम्बन्स या भागात वाढलं होतं. पण त्याआधीच्या काही सेकंदांत, नुसती चाहूल लागलेली असताना, ते कॉडेट नावाच्या दुसऱ्या भागात वाढलं होतं. म्हणजे वाट पाहण्याला मेंदूत स्वतःची जागा आहे. मी वाचकाला ही वाटच पाहू दिली नव्हती. आवर्तन सुरू व्हायच्या आत सम देऊन मोकळा झालो होतो.

लय आणि भावना यांचं नातं तर फार जुनं आहे. दुःखात माणूस हळू बोलतो, आवाज खाली उतरतो. रागात बोलणं वेगवान आणि मोठं होतं. संगीतही याच खुणा वापरतं. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हिंदुस्थानी संगीताचा कान नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले, तेव्हा आनंद, दुःख आणि क्रोध त्यांनी बऱ्यापैकी ओळखले. लय आणि सुरावटीची गुंतागुंत यांवरून त्यांना अंदाज येत होता. मनात वाचतानाही आपण आतल्या आवाजात बोलतच असतो, म्हणून वाक्याची लांबी ही माझ्या लेखी लयच आहे. मैदानातली वाक्यं मी हलगीसारखी तोडली, घरी परतण्याची लांबवली.

लिहिताना मात्र शब्दांची गाणी लावू नयेत. आपल्या कार्यस्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरतं थोडा वेळ धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, उच्चारांसाठी एक छोटी जागा असते. कानावर पडलेली भाषा तिथे न विचारता घुसते, अगदी न कळणारी परकी भाषासुद्धा. लिहायचं वाक्यही तिथेच जुळत असतं. आठवणीच्या चाचण्यांत वाद्यसंगीतापेक्षा गायलेल्या शब्दांनी जास्त अडथळा आणल्याचं दिसलं आहे. मी ख्याल आधी ऐकतो, मग बंद करून लिहायला बसतो.

बंद करण्यालाही अर्थ आहे. इटलीत 24 जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवून त्यांचे ठोके, रक्तदाब, श्वास मोजले गेले. त्यात एक संथ रागही होता. लय वाढली की तिन्ही वाढत. पण संशोधकांनी मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत ठोके आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीपेक्षाही खाली गेले. 2006 सालचा हा शोधनिबंध वाचल्यावर मी माझं प्रकरण पुन्हा उघडलं.

आता मैदानातली आरोळी संपली की पानभर कुणी बोलत नाही. चिखलात चपला वाजतात. दारात आई पुढे होते आणि काही न विचारता मागे सरते. चुलीवर हंडा असतो. बाप पटका खुंटीला लावतो, हंड्यात हात घालून बघतो. रडणं मी काढून टाकलंय. तो एवढंच म्हणतो, “पानी तापलंय लेका. माती धुऊन घे.”